सुडी कोणी पेटवली

सोयाबीन वाळलं की वाजतं. पानं पिवळी पडून गळून गेली, ऊन चटकायला लागलं, की शेतात नुसत्या काड्या आणि तपकिरी शेंगा उरतात, आणि वारा आला की सगळं वावर बारीक आवाजात खुळखुळतं. माझ्या लहानपणी हा आवाज नव्हता. तेव्हा आमच्याकडे ज्वारी होती, कपाशी होती. मी लग्न होऊन वाशीमला आले त्या सुमारास सोयाबीनने हातपाय पसरले आणि बघता बघता अख्खा तालुका खाल्ला. आता दसरा-दिवाळीच्या दिवसांत आसेगावच्या रस्त्याने एसटीत बसलं, की खिडकीतून हाच आवाज येतो. पूर्वी मी त्यासाठी मुद्दाम खिडकीची जागा धरायचे. यंदा आवाज आला आणि मी काच ओढून घेतली.

या दिवसांत पेपरच्या आतल्या पानावर एक बातमी ठरलेली असते. चार ओळींची, फोटो असला तर काळ्या ढिगाचा. अमुक शिवारात सोयाबीनची सुडी अज्ञाताने पेटवली. गाव बदलतं, शेतकऱ्याचं नाव बदलतं, अज्ञात तोच असतो. शहरात बसून ही बातमी वाचणाऱ्याला तो शब्द खटकत नाही. गावात मात्र अज्ञात कोणीच नसतं. कोणाची म्हैस कोणत्या बांधावरून गेली हे जिथं सगळ्यांना ठाऊक, तिथं काडी लावणारा अज्ञात कसा राहील? त्यामुळे पेपरमध्ये तो अज्ञात राहतो आणि गावात त्याला संध्याकाळपर्यंत नाव मिळतं. ते नाव खरं असलंच पाहिजे असं काही नाही.

सुडी म्हणजे कापलेल्या सोयाबीनची गंजी. सोंगून, म्हणजे कापून, झालं की पेंढ्या उंचवट्यावर आणून गोल रचायच्या, शेंगा आत आणि बुडखे बाहेर, वर निमुळतं करत न्यायचं आणि शेवटी ताडपत्री ओढून दोरानं आवळायची. मग मळणीयंत्राचा नंबर लागेपर्यंत ती तशीच उभी. वर्षाची सगळी मेहनत एका जागी, उघड्या रानात, वाळून कोरडी ठणठणीत. तेलबी असल्यामुळे पेटली की विझत नाही. पाणी मारलं तरी आतून धुमसत राहते आणि तिचा धूर चिकट, तेलकट असतो. कपड्यांना बसला की धुण्यातून जात नाही. सुडी उभी राहिली की मळणी होईपर्यंत गावात कोणी मोठ्यानं भांडत नाही. शेजाऱ्याशी वाकडं असलं तरी या दिवसांत त्याला चहाला बोलावतात. भीती अशी माणसाला गोड बोलायला लावते.

सुडी रचणं सगळ्यांना येतं, पण चांगली रचणं थोड्यांना. आमच्या गावात उत्तमदादाला येतं. हा माझा चुलतभाऊ. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा, उंच, सडपातळ, बोलायला कमी. त्याच्या सुडीत पाणी जात नाही असं सगळेच म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या वस्तीत त्याला बोलवायचेच, पण गावातल्या पाटील-देशमुखांच्या वावरातही सुडी त्याच्याच हाताची असायची. एरवी ज्या ओसरीवर आमचे आजे-पणजे चढले नाहीत, त्या घरातून दसऱ्याच्या आधी माणूस यायचा आणि विचारायचा, उत्तम, आमच्याकडे कवा येतं? दादाला या विचारण्याचा अभिमान होता. तो ते बोलून दाखवायचा नाही, पण कमलवहिनी दाखवायची. "आमच्या मानसाले इचारल्याबिगर गावात सुडी उभी नाही राहत," असं ती मला ऐकवायची, जणू मी वाशीमहून तेवढंच ऐकायला आले होते.

ज्या सुगीबद्दल मी लिहायला बसले, ती काही वर्षांपूर्वीची. त्या सुगीत गावात सिनेमावाले आले. जऊळक्याच्या स्टेशनावर त्यांचं सामान उतरलं आणि गावातल्या पोरांनी दोन ट्रॅक्टर घेऊन ते आणलं. मोठे नट वगैरे कोणी नव्हते. एक तरुण दिग्दर्शक, दाढी वाढलेली, पायात साध्या चपला, सगळ्यांशी अदबीनं बोलणारा. गावाला आधी वाटलं, हा कसला पिच्चर काढतो, याच्याकडे तर नाचणारी बाईसुद्धा नाही. तो दिवसभर बांधावर बसून राहायचा. सोंगणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा शर्ट घालून, डोक्याला फडकं गुंडाळून, हाताला चिंध्या बांधून कशा वाकतात, ते बघायचा. शेंगांची टोकं बोटांत शिरतात म्हणून त्या चिंध्या, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने ते बघून ओळखलं. मी दिवाळीच्या सुट्टीत माहेरी आले होते. मी शाळेत मराठी शिकवते आणि कॉलेजात होते तेव्हापासून मला सिनेमाचं वेड आहे, त्यामुळे या पोराचं मला फार अप्रूप वाटलं. मी त्याला पिठलं-भाकरी खाऊ घातली.

सिनेमात एक सुडी जळायची होती. खरी सुडी कोण जाळू देणार, म्हणून त्याने विलासरावांच्या वावरात कुटाराची, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुशाची आणि काड्यांची, खोटी सुडी रचून घ्यायचं ठरवलं. विलासराव म्हणजे आमच्या गावातले मोठे शेतकरी, स्वभावाने तुटक पण वाईट नव्हेत. रचायला अर्थात उत्तमदादाला बोलावलं. दादानं ती खोटी सुडीसुद्धा खऱ्यासारखी रचली, बुडखे बाहेर, वर निमुळती, दोर आवळून. दिग्दर्शक म्हणाला, इतकी नीट कशाला, जाळायचीच आहे. दादा म्हणाला की वाकडी सुडी त्याच्याच्यानं होत नाही.

ती पेटवली तेव्हा दिवस मावळतीला आला होता. दिग्दर्शकानं दादाला धुराच्या कडेला उभं केलं. संवाद नाही, काही नाही, नुसतं उभं राहून बघायचं. दादानं बघितलं. मी कॅमेऱ्याच्या मागे होते, मला त्याचा चेहरा दिसत होता. आपण रचलेली गोष्ट जळताना बघायची त्याला सवय नव्हती, दुसरं काही नव्हतं त्या चेहऱ्यात. मग त्याने दोन्ही हात पँटीला पुसले, एकदा मागे वळून पाहिलं आणि चालत चौकटीच्या बाहेर गेला. दिग्दर्शकानं येऊन दादाचे हात धरले. दादा मला नंतर म्हणाला, धुरानं हात चिकट झालते म्हून पुसले, त्यात येवढं काय हाय.

तो सिनेमा पुढे परदेशातल्या मोठमोठ्या महोत्सवांत गेला, बक्षिसं मिळाली, पेपरात रकानेच्या रकाने आले. पुण्यात लागला तेव्हा मी लेकीकडे जाऊन बघितला. नाव इथं लिहीत नाही. गावात ते नाव आता कोणी घेत नाही, तो पिच्चर म्हणतात, तसंच मीही म्हणेन.

तो पिच्चर मला फार आवडला, हे आधी सांगून टाकते, कारण पुढे मी जे म्हणणार आहे त्यावरून कोणालाही वाटेल की नावडला. आमच्या वऱ्हाडाचं ऊन मी पडद्यावर पहिल्यांदाच पाहिलं. सिनेमातलं खेडं नेहमी हिरवं तरी असतं नाहीतर भेगाळलेलं तरी. आमचं खेडं वर्षातले कितीतरी दिवस नुसतं पिवळट असतं, हे कोणाला सुचलं नव्हतं. संगीत कुठेच नाही. शेंगा तडकायचा आवाज, ताडपत्रीचा फडफडाट, दूरवर कोणाचं तरी मळणीयंत्र. आणि मध्यावर ती सुडी जळते. कॅमेरा हलत नाही. आपण बघत बसतो, बसतो, आता कोणी येईल, आता ओरडेल, आणि कोणी येत नाही. धुरातून एक माणूस दिसतो, हात पुसतो, मागे बघतो, निघून जातो. त्यानंतर सिनेमाभर त्या आगीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. पोलीस एका वस्तीत जाऊन घरं उलटीपालटी करतात, ती वस्ती कोणाची हे सांगितलेलं नाही, पण ओट्यावरच्या निळ्या झेंड्याची कड एकदा दिसते. शेवटी एक म्हातारी सरळ आपल्याकडे, थिएटरात बसलेल्या आपल्याकडे, बघून एक सणसणीत शिवी देते आणि पडदा काळा होतो. लोक गार झाले. माझ्या लेकीनं माझा हात धरला होता.

सिनेमा संपल्यावर दिग्दर्शक पुढे आला आणि प्रश्नोत्तरं झाली. एका बाईंनी विचारलं, सुडी कोणी पेटवली? तो हसला. म्हणाला, "ते मी सांगणार नाही. ते प्रेक्षकानं ठरवायचं." टाळ्या झाल्या. बरोबरच आहे, सगळं हातात द्यायला सिनेमा म्हणजे काय शाळेतलं गाइड आहे? मी वर्गात मुलांना हेच सांगत आले, की चांगली गोष्ट सगळं सांगत नाही, थोडं आपल्यावर सोडते.

यावर भांडणंही पुष्कळ झाली. काहींचं म्हणणं, गावाची बदनामी केली. आमच्या समाजातल्या शिकलेल्या लोकांत दोन तट पडले. एक तट म्हणाला की आजवर कोणी आपली वस्ती अशी खरी दाखवली नव्हती, झाडाझडती कशी होते ते जगानं पाहिलं. दुसरा म्हणाला की काडीपेटी शेवटी आपल्याच हातात का दिसते, एवढं कसब असलेल्या माणसाला एवढं कळू नये? मला दोन्ही पटायचं. सकाळी एक पटायचं आणि रात्री दुसरं. माझ्या मैत्रिणी वैतागून म्हणायच्या, तू एक काय ते ठरव. मी म्हणायचे, एवढा मोठा सिनेमा आहे, त्यावर एकच मत असलं पाहिजे असा कायदा आहे का? तेव्हा मला तो वाद चहाबरोबर चघळायचा वाद वाटत होता.

गावात तो पिच्चर आलाच नाही. आला तो त्यातला तुकडा. कोणीतरी सुडी जळतानाचा भाग मोबाइलवर टाकला आणि एका दिवसात तो घराघरांत पोचला. मागचं-पुढचं काही नाही. फक्त विलासरावांचं वावर, आग, आणि आमचा उत्तमदादा हात पुसतोय. पहिल्या दिवशी सगळे हसले. पोरं दादाला हिरो म्हणून हाक मारायला लागली. वहिनीनं मला फोन करून सांगितलं, यायचा फोटो मोठा करून द्या, भिंतीले लावते. मग हळूहळू हसणं कमी झालं. कोणीतरी आठवण काढली की विलासरावांची खरी सुडीही त्याच वावरात जळाली होती, खूप वर्षांपूर्वी. कोणी लावली ते कधी कळलं नव्हतं. पोलीस आले होते, आमच्या वस्तीत विचारपूस झाली होती, काही निघालं नाही, प्रकरण मिटलं. ती जळकी सुडी मला आठवते. त्या दिवाळीला गावावर सगळीकडे तो तेलकट वास होता, करंजीत तोच, उशीत तोच. मग पुढच्या पावसाळ्याबरोबर वास गेला आणि गोष्टही गेली असं आम्हाला वाटलं.

गेली नव्हती. इतकी वर्षं गावाकडे नुसता प्रश्न होता. आता त्याला चेहरा मिळाला. दाखवलं नाही का त्या पिच्चरमधे, असं लोक म्हणायला लागले. म्हणजे ते लोक वेडे नव्हेत. पिच्चर खोटा असतो हे त्यांना तुमच्या-आमच्याइतकंच कळतं. पण वावर खरं, माणूस खरा, आगही खरी, आणि कोणी लावली हे सांगणारा आवाज कुठेच नाही. शिवाय येवढा शिकलेला माणूस मुंबईहून येतो, महिनाभर बांधावर बसून चौकशी करतो, तो काय उगाच दाखवतो? त्याला काहीतरी लागलं असलं पाहिजे. दादा म्हणायचा, ती जळाली तवा मी त अनसिंगले होतो, सासऱ्याच्या घरी. खरं होतं ते. पण सासरा आता नाही, सासू नाही, आणि वहिनीच्या साक्षीला कोण विचारतो? दिग्दर्शकाला मिळालेल्या बक्षिसाच्या कागदात लिहिलं होतं म्हणे, की हा माणूस दोषी आहे की दुःखी हे प्रेक्षकाला शेवटपर्यंत कळत नाही. आमच्या गावच्या प्रेक्षकाला दुसऱ्याच आठवड्यात कळलं.

मी दिग्दर्शकाला फोन केला. तो भला माणूस आहे, आजही म्हणते. त्याने सगळं ऐकून घेतलं, त्याला खरोखर वाईट वाटलं. तो म्हणाला, गावात येतो, सगळ्यांना अख्खा सिनेमा दाखवतो, समजावून सांगतो. मी म्हटलं, ये, पण एवढंच सांग की सुडी उत्तमदादानं लावली नाही. कोणी लावली ते सांग, सिनेमातली. कोणाचंही नाव घे, वीज पडली म्हण. तो म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का, मलाच माहीत नाही. मी ते ठरवलंच नव्हतं." मला एकाच वेळी त्याचं कौतुक वाटलं आणि संताप आला. एवढा प्रामाणिक कलावंत मिळणं कठीण. आणि एवढं न ठरवता कोणाच्या तोंडावर कॅमेरा लावणंही कठीणच म्हणायला हवं. तो पुढे आला नाही. त्याला मीच येऊ नको म्हटलं. अख्खा सिनेमा दाखवून झालं असतं काय, तर त्यातली झाडाझडतीही गावानं पाहिली असती आणि म्हटलं असतं, पाहा, पोलिसांनासुद्धा त्याच वस्तीत जावं लागलं.

यंदाची सुगी ही तो तुकडा गावात आल्यानंतरची पहिली. दसऱ्याच्या आधी दादाला बोलवायला कोणी आलं नाही. कोणी काही बोललं नाही, भांडलं नाही, नमस्कार टाळला नाही. नुसतं कोणी आलं नाही. दादानं विळा पाजळून ठेवला, दोर भिजवून वळून ठेवले, तसेच राहिले. शेवटी एक दिवस तो स्वतःच विलासरावांच्या वावराच्या बांधावर जाऊन उभा राहिला. तिथं परगावची टोळी सोंगत होती. विलासराव त्याच्याजवळ आले, तंबाखू पुढं केली आणि हळू आवाजात म्हणाले, "उत्तम, यंदा तुले कायले तरास देऊ? तेच सोंगतात अन् तेच सुडी बी रचून देतात." दादानं तंबाखू घेतली आणि परत आला. आमच्या वस्तीतल्या दुसऱ्या दोघा शेतकऱ्यांनीही यंदा आपापली सुडी आपापली रचली, कारण उत्तमनं रचली आणि काही झालं तर दोन्हीकडून बोल लागेल. त्यांचंही काय चुकलं?

दादा यावर विनोद करतो. मला म्हणाला, "मी त म्हनतो पुढच्या दसऱ्याले नागपूरले जातो अन् दीक्षाभूमीवरच राह्यतो. तवाच कोणाची पेटली त पेटो, लाखो लोकाइनं मले तिथं पाह्यलं असन." तो हसला, मी हसले, वहिनी उठून आत गेली.

दिवाळीची सुट्टी लागून मी गावी आले तेव्हा बोलावणी न आल्याचं मला वहिनीकडून कळलं, आणि आणखी एक गोष्ट कळली. दिवस बुडायला आला की दादा घरी थांबत नाही. तोंड धुतो, स्वच्छ पांढरा शर्ट घालतो आणि स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसतो. तिथं मोठा दिवा आहे, सगळ्या गावाचा रस्ता तिथूनच जातो. टपरी बंद झाली की पंचायतीच्या पायरीवर, जिथं पोरं मोबाइल घेऊन बसतात. गावात जाग असेपर्यंत तो उजेडात असतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला मुद्दाम हाक मारतो, कुठं निघाला, पाणी येते का, काहीही विचारतो. ज्या माणसाला चार शब्द बोलायचा कंटाळा, तो आता सगळ्यांशी बोलतो. लोकांनी आपल्याला पाहावं म्हणून.

"सुमनबाई, तुमी तरी सांगा यायले," वहिनी म्हणाली. "आपली सुडी तिकडं नाल्यापाशी एकटी उभी हाय. लोकं आपापल्या सुडीपाशी जागल करून राह्यले, अन् हा मानूस टपरीवर चहा पेते."

नाल्यापाशी दादाचं छोटं वावर आहे. यंदा त्याने जी एकच सुडी रचली ती त्याची स्वतःची. मी ती जाऊन पाहिली. इतकी देखणी सुडी मी पूर्वी पाहिली नव्हती. गावातल्या सगळ्यांच्या वाटची मेहनत त्याने त्या एकीवरच केली असावी. ताडपत्रीची घडी कुठं चुकली नव्हती, दोर बोटाने छेडला असता तर वाजला असता. भोवती कुत्रंसुद्धा नव्हतं. मी दादाला म्हटलं, अरे रात्री राखणीला, जागलीला जात जा, मी येते हवं तर सोबत. त्याने मला समजावलं, लहान मुलाला समजावावं तसं. "अंधारात वावरात गेलो अन् तिकडं कोणाची पेटली, त मी कुठं होतो हे कोण सांगन? माही सुडी सांगन काय?"

मी इतकी वर्षं त्या सिनेमावर बोलले, लिहिलं, एका चर्चासत्रात निबंधसुद्धा वाचला, पण हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. प्रश्न उघडा ठेवणं हे मोठ्या कलेचं लक्षण आहे यावर माझा आजही विश्वास आहे. पण उघडा ठेवलेला प्रश्न रानात तसाच राहत नाही, त्यात कोणीतरी जाऊन राहायला लागतं, आणि आमच्याकडे तो कोण असणार हे आधीच ठरलेलं असतं. थिएटरातले लोक कोड्यासह घरी जातात, जेवतात, झोपतात. दादा त्या कोड्यात राहतो. मला सिनेमा आवडतो आणि मी त्या सिनेमाला माफ करू शकत नाही. या दोन गोष्टी माझ्या पोटात एकाच वेळी आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाही. मला रोज भीती वाटत होती. सकाळी उठल्यावर आधी मी आकाशाकडे बघायचे, कुठं धूर दिसतो का. नाही दिसला की चहा गोड लागायचा.

वाशीमला परत निघायच्या आदल्या संध्याकाळी मी दादाबरोबर टपरीवर गेले. बायका तिथं बसत नाहीत, पण मास्तरीणबाईला सगळं माफ असतं. दिवेलागण झाली होती. विलासराव मोटरसायकल लावून चहा पीत होते, आणखी चार-पाच जण होते, कोणाच्या तरी लग्नाचं बोलणं चाललं होतं. वारा पडलेला होता. आधी वास आला. तो वास मी ओळखला, मी काय, सगळ्यांनीच ओळखला, कारण बोलणं मध्येच तुटलं. मग नाल्याच्या दिशेला, झाडांच्या मागे, आकाश लाल होताना दिसलं.

सगळे उठले. दादा उठला नाही. त्याने पेला खाली ठेवला, दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि तिथं असलेल्या एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. टपरीवाल्याकडे, विलासरावांकडे, माझ्याकडे. कोणाची पेटली हे त्याने विचारलं नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. विलासरावांचा मोबाइल वाजला. त्यांनी ऐकलं, आणि मग किती तरी महिन्यांनी पहिल्यांदाच दादाकडे सरळ बघितलं.

"उत्तम, तुही हाय रे," ते म्हणाले. "बस मागं, लवकर."

त्यांनी गाडी चालू केली, बाकीचे धावत सुटले, पोरं घागरी घेऊन निघाली. दादा हलला नाही. तुम्ही व्हा पुढं, मी इथंच बसतो, म्हणाला. विलासराव क्षणभर थांबले आणि गेले. टपरीवर आम्ही दोघंच उरलो आणि तो मोठा दिवा. दादानं टेबलावरून हात उचलले, पुसले नाहीत, नुसते मांडीवर घेतले. त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांत न दिसलेली स्वस्थता होती, आणि ती बघून मला आगीपेक्षा जास्त भीती वाटली.

"बरं झालं, सुमन," तो म्हणाला. "आपलीच हाय."